जुन्या मारुती ८००चे ॲव्हरेज वाढवताना: आधी दुरुस्ती, मग बदल

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत गाडीचा चेहरा बदलला, कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (संगणकाने नियंत्रित पेट्रोल फवारणी) आले. परंतु ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि साडेसहाशे किलोच्या आसपासचे वजन हा तिचा गाभा जवळजवळ तसाच राहिला. एप्रिल २०१० मध्ये ज्या तेरा शहरांत भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती, आणि तेथे नव्या ८००ची विक्री तेव्हाच बंद झाली. त्यामुळे या शहरांत आज धावणारी जवळजवळ प्रत्येक ८०० पंधरा वर्षांची झालेली आहे.

अशी गाडी घरातून वारशाने मिळालेली असो किंवा स्वस्तात घेतलेली असो, नव्या मालकाची पहिली तक्रार बहुधा एकच असते: गाडी ॲव्हरेज देत नाही. या तक्रारीवर बाजारात अनेक वस्तू विकल्या जातात आणि त्यांतील बहुतेक निरुपयोगी असतात. सुस्थितीतील कार्बोरेटरची ८०० शहरात लिटरला चौदा-पंधरा आणि मोकळ्या रस्त्यावर अठराच्या आसपास किलोमीटर देते. तीच गाडी दहा-बाराच देत असेल, तर उरलेले पेट्रोल घासणाऱ्या ब्रेकमध्ये, गार राहणाऱ्या इंजिनात किंवा बिघडलेल्या मिश्रणात जात असते. आधी ही गळती शोधून बंद करावी आणि त्यानंतरच गाडीत बदल करण्याचा विचार करावा, असा या लेखाचा क्रम आहे. हा क्रम उलटा केल्यास खर्च दुप्पट होतो आणि नेमका कशाचा फायदा झाला हे कधीच कळत नाही.

पाने-पक्कड हाती घेण्यापूर्वी आरसीवरील मुदत तपासावी. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओकडे गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना ही रक्कम विसरली जाते, म्हणून ती आधी मांडावी. गाडीचा तळ, विशेषतः दारांखालचे बॉक्स आणि पुढील सस्पेन्शनची बैठक, गंजून पोकळ झाली असेल तर ॲव्हरेजचा विचार सोडून द्यावा. त्या गाडीला पेट्रोल वाचवण्याची नव्हे, वेल्डिंगची गरज आहे.

पहिले काम: मोजमाप

टाकीतील काट्यावरून किंवा "पाचशेचे टाकले, इतके दिवस चालले" अशा हिशेबावरून ॲव्हरेज काढता येत नाही. टाकी पूर्ण भरावी, म्हणजे पंपाचे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरावी आणि त्यानंतर "राउंड फिगर" करण्यासाठी थेंबभरही टाकू देऊ नये. किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. नेहमीप्रमाणे किमान दोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी चालवावी, पुन्हा त्याच पंपावर, शक्य असल्यास त्याच नोझलवर आणि गाडी त्याच दिशेने उभी करून टाकी भरावी. दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनी मधल्या किलोमीटरना भागले की ॲव्हरेज मिळते. एका भरण्यातील चूक एक-दीड लिटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून लागोपाठ तीन वेळा मोजून सरासरी घेणे शहाणपणाचे.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवावी. ८००चा मूळ टायर १४५/७० आर १२ या मापाचा असतो. अनेक गाड्यांना मध्यंतरी अल्टोचे १४५/८० आर १२ टायर बसवलेले असतात, कारण ते सहज मिळतात आणि गाडी थोडी उंच दिसते. मूळ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिमी, तर या टायरचा सुमारे ५३७ मिमी भरतो. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साडेपाच टक्क्यांहून थोडे अधिक अंतर कापते, पण मीटरला ते समजत नाही. मीटरवर १०० किलोमीटर दिसत असताना गाडी प्रत्यक्षात जवळजवळ १०६ किलोमीटर गेलेली असते. अशा गाडीचा मालक विनाकारण कमी ॲव्हरेजची तक्रार करत राहतो, आणि उलट वेगमर्यादेत आहोत असे समजून तिच्यापेक्षा वेगाने गाडी चालवतो. टायरच्या बाजूवरील माप वाचावे आणि महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांवरून किंवा फोनच्या जीपीएसवरून वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर ताडून पाहावे. जो फरक निघेल तो पुढील प्रत्येक हिशेबात धरावा.

दुसरी चाचणी गाडी किती मोकळी धावते याची. सकाळच्या वेळी सपाट, सरळ आणि रिकामा रस्ता निवडावा, वाराही नसावा. गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणून न्यूट्रल करावी, ब्रेकला पाय न लावता ती आपोआप थांबू द्यावी आणि अंतर मोजावे. तीच चाचणी उलट दिशेने करावी, म्हणजे न दिसणारा उतार हिशेबातून निघून जातो. या अंतराला ठरावीक आदर्श आकडा नाही. परंतु ब्रेक आणि चाकांचे काम झाल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा मोजले असता फरक स्पष्ट दिसतो. किती खर्च करणे योग्य आहे, हेही याच टप्प्यावर ठरवावे. महिन्याला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज १२ वरून १६ झाले, तर महिन्याला सुमारे साडेदहा लिटर पेट्रोल वाचते, म्हणजे लिटरमागे शंभर रुपयांच्या आसपास भाव धरल्यास हजारभर रुपये. महिन्याला दीडशेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीवर पंधरा हजारांची "मायलेज दुरुस्ती" करण्यात अर्थ नाही.

चाके मोकळी करणे

जुन्या गाडीत पेट्रोलची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित गळती ब्रेकमध्ये असते. दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी चालवून थांबवावी आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. स्पर्श जपून करावा, कारण अडकलेल्या ब्रेकची डिस्क भाजण्याइतकी तापलेली असते. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तेथे ब्रेक लागलेला आहे. त्यानंतर सपाट जागी चाकांना अटकाव लावून एकेक चाक जॅकने उचलावे आणि घोडीवर (जॅक-स्टँडवर) टेकवावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक हाताने फिरवल्यास मागची चाके सहज दोन-तीन फेरे घेतात. पुढच्या चाकांना डिस्कचा हलका स्पर्श आणि गिअरबॉक्सकडील भाग फिरवावा लागत असल्याने ती कमी फिरतात, पण जोर लावावा लागू नये.

८०० ला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पुढे बहुधा कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून किंवा जुने ग्रीस वाळून अडकतात, त्यामुळे पॅड डिस्कपासून सुटत नाही. पिना काढून, साफ करून त्यांना उष्णता सहन करणारे ब्रेक ग्रीस लावावे. साधे ग्रीस तेथे चालत नाही, ते रबर फुगवते. पिस्टनचे रबर फाटलेले असेल आणि पिस्टनवर गंज चढला असेल, तर रबर किट आणि गरज पडल्यास पिस्टन बदलावा. मागे हँडब्रेकची केबल हा नेहमीचा गुन्हेगार. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर ही केबल आतून गंजते, हँडब्रेक खाली केला तरी लायनर ड्रमला चिकटून राहतात आणि मालक "गाडीला पिकअप नाही" म्हणून इंजिन खोलायला निघतो. पावसाळ्यात गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून दोन वर्षांहून जुने असल्यास तेही बदलावे. ब्रेकचे काम प्रथमच करणाऱ्याने जाणत्या मेकॅनिकच्या नजरेखालीच करावे, कारण येथील चुकीचा भुर्दंड पेट्रोलमध्ये भरता येत नाही.

टायरमधील हवेचा दाब मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतका ठेवावा आणि तो टायर थंड असताना, घरी स्वतःचे गेज ठेवून तपासावा. पंपावरील गेज अनेकदा दोन-तीन पीएसआयने चुकलेले असते. मॅन्युअलमधील आकड्याहून दोन पीएसआय जास्त ठेवल्यास गाडी किंचित मोकळी चालते, परंतु हलक्या गाडीत त्याहून अधिक हवा भरल्यास ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. व्हील अलाइनमेंट वर्षातून एकदा करावी. टायरची आतली किंवा बाहेरची कडच घासलेली दिसत असेल, तर चाक सरळ न चालता थोडे घासत चालले आहे असे समजावे.

इंजिन तापले पाहिजे

आपल्याकडे इंजिन तापण्याची इतकी धास्ती आहे की ते पुरेसे तापत नसल्याची तक्रार कोणी करत नाही. एखादी ८०० एकदा घाटात उकळली की गॅरेजमध्ये दोन उपाय हमखास होतात: थर्मोस्टॅट काढून फेकला जातो आणि रेडिएटरचा फॅन "डायरेक्ट" केला जातो, म्हणजे चावी फिरवल्यापासून तो सतत फिरत राहतो. दोन्ही उपायांनी मूळ दोष झाकला जातो आणि पेट्रोलचा खर्च कायमचा वाढतो. थर्मोस्टॅट ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो आणि तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरवून ते लवकर गरम करतो. तो नसेल तर सकाळच्या थंडीत इंजिन दहा किलोमीटरनंतरही कोमटच राहते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवर बसते, तेलात मिसळते, आणि एमपीएफआय गाडीत तर तापमानाच्या सेन्सरवरून संगणक इंजिन अजून थंडच आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो.

तापमानाचा काटा पाच-सात किलोमीटरनंतरही खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅटचे घर उघडून पाहावे. आत तो असेल तर काढून, पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून तो कोणत्या तापमानाला उघडतो ते तपासता येते. पातेले नंतर स्वयंपाकाला वापरू नये. नवा थर्मोस्टॅट आणि त्याचे गॅसकेट स्वस्त मिळते. फॅन पुन्हा रेडिएटरवरील थर्मोस्विचला जोडावा. त्यानंतर गाडी तापू लागली तर दोष रेडिएटरमधील साचलेल्या गाळात, पाण्याच्या पंपात किंवा हेड गॅसकेटमध्ये आहे, आणि तो तेथेच दुरुस्त केला पाहिजे. साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट वापरावा. विदर्भ-मराठवाड्यातील बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचून नळ्या चोंदतात.

प्लग, पॉइंट आणि टायमिंग

तिन्ही स्पार्क प्लग एकाच वेळी काढावेत आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून ओळीने मांडावेत. ८००चा फायरिंग क्रम १-३-२ आहे, त्यामुळे वायर काढण्यापूर्वी त्यांवर खूण करणे आवश्यक. प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर त्या सिलिंडरमधील ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओली, तेलकट काळी म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल येत आहे. पांढरा पडलेला प्लग म्हणजे मिश्रण पातळ किंवा उष्णता अधिक. तिन्ही प्लग सारखेच काळे असतील तर दोष कार्बोरेटरकडे किंवा एअर फिल्टरकडे आहे, एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरमध्ये आहे, एवढा भेद केला तरी निम्मे निदान होते.

प्लग बदलताना मॅन्युअलमध्ये दिलेलाच नंबर घ्यावा आणि फीलर गेजने गॅप तपासावी. जुन्या, पॉइंटच्या (ठिणगीसाठी विद्युतप्रवाह तोडणाऱ्या संपर्कांच्या) गाड्यांत ती साधारण ०.७ ते ०.८ मिमी असते. डिस्ट्रिब्यूटरची (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडून आत तडे, ओल आणि जळालेली टोके पाहावीत. पावसाळ्यात सकाळी गाडी फटफट करून चालू होत असेल तर कॅप आणि प्लगच्या वायर यांच्यावर पहिला संशय घ्यावा. पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंट घासून गॅप कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकते. त्यामुळे पॉइंट बदलल्याशिवाय किंवा समायोजित केल्याशिवाय टायमिंगला हात लावण्यात अर्थ नाही. टायमिंग कानाने नव्हे, टायमिंग लाइटने आणि मॅन्युअलमधील अंशांवर लावावे. ते मागे असेल तर इंजिन निर्जीव आणि खादाड होते. फार पुढे नेल्यास चढावर टकटक ऐकू येते आणि पिस्टनचे नुकसान होते.

येथे व्हॅक्यूम ॲडव्हान्सची छोटी डबी आवर्जून तपासावी. ती कार्बोरेटरकडून येणाऱ्या निर्वातावर चालते आणि हलक्या पायाने गाडी चालवताना ठिणगी लवकर पाडून पेट्रोल वाचवते. तिच्या नळीला तोंडाने ओढून पाहिल्यास आतील पट्टी हलली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यास तिथेच राहिली पाहिजे. आतला पडदा फाटलेला असेल तर गाडी चालते, स्टार्टही नीट होते, पण सपाट रस्त्यावरील ॲव्हरेज गेलेले असते. वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्यांत हा पडदा फाटलेला किंवा नळी निघालेली असणे अगदी सामान्य आहे, आणि ट्यूनिंगचे पैसे घेणारे फारच थोडे जण ते पाहतात.

इंजिन आतून किती शिल्लक आहे

पुढचा खर्च करण्यापूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्यावे. इंजिन गरम करून, तिन्ही प्लग काढून, कॉइलची वायर सुटी करून, एकेका प्लगच्या छिद्राला कॉम्प्रेशन गेज लावून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. निरोगी इंजिनात गेज सहसा १५० पीएसआयच्या वर जाते. पण एकूण आकड्यापेक्षा तीन सिलिंडरमधील फरक महत्त्वाचा आहे आणि तो १४-१५ पीएसआयपेक्षा अधिक नसावा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी असेल तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग घासलेल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. व्हॉल्व्ह बसत नसल्यास आधी टॅपेटची गॅप तपासावी, कारण ती कमी झाल्यामुळेही व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, आणि हा उपाय जवळजवळ फुकट आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो याच वेळी बदलावा. रिंगा गेलेल्या इंजिनावर कार्बोरेटर, फिल्टर आणि टायर यांचा खर्च करणे व्यर्थ आहे. तेथे पूर्ण बोअरचे काम किंवा दुसरे चांगले इंजिन, यांच्यातच निवड करावी लागते. दुसरे इंजिन बसवल्यास आरसीवर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद करून घेणे बंधनकारक आहे.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण

एअर फिल्टर बदलावा, चोकची झडप गरम इंजिनावर पूर्ण उघडी राहते का ते पाहावे, आणि मगच कार्बोरेटरकडे वळावे. एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बॉडी साफ करणे, तापमानाचा सेन्सर आणि सायलेन्सरच्या नळीवरील ऑक्सिजन सेन्सर तपासणे, इंजिनाचा दिवा पेटत असल्यास कोड वाचून घेणे, एवढेच मालकाच्या हातात असते.

कार्बोरेटरचे काम शांतपणे, उघड्या जागेत, बॅटरीची वायर काढून आणि जवळ अग्निशामक ठेवून करावे. खोलताना फोनवर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे भाग, क्लीनरने आणि दाबाच्या हवेने साफ करावेत. तार घालून साफ केल्यास छिद्र कणभर मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेटवर डाग देऊन छिद्र लहान करून देणारे आणि "पाच किलोमीटर वाढवून देतो" म्हणणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या हातचे मिश्रण पातळ होते, गाडी चढावर अडखळते, मालक अधिक ॲक्सिलरेटर देतो आणि व्हॉल्व्ह जळतात. किटमधील सर्व गॅसकेट आणि ओ-रिंग बदलाव्यात, फ्लोटची पातळी मॅन्युअलप्रमाणे लावावी आणि सुई-झडप पाझरत नाही याची खात्री करावी. गाडी उभी असताना बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर बहुधा ही झडपच पेट्रोल ओव्हर करत असते. इंजिनावरील यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्येही उतरू शकते. डिपस्टिकवरील पातळी वाढलेली आणि तेलाला पेट्रोलचा वास, ही त्याची खूण.

कार्बोरेटर बसवल्यावर मिश्रणाचा स्क्रू कानाने लावण्याऐवजी पीयूसी केंद्राचा उपयोग करावा. भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, म्हणून २.८ टक्क्यांवरही प्रमाणपत्र मिळते आणि मालक निश्चिंत होतो. वास्तविक तो आकडा पेट्रोल अर्धवट जळत असल्याची लेखी कबुली आहे. इंजिन पूर्ण तापवून, यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये ठेवून आणि स्क्रू हळूहळू फिरवून आयडलवर हा आकडा एक ते दीड टक्क्यापर्यंत, इंजिन न थरथरता, आणता येतो. हायड्रोकार्बनचा आकडा त्याच वेळी एकदम वाढू लागला तर मिश्रण गरजेपेक्षा पातळ झाले किंवा एखादा सिलिंडर मिस होत आहे असे समजावे. केंद्रचालकाला थोडे अधिक पैसे देऊन गर्दी नसलेल्या वेळी हे काम करून घ्यावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा सायलेन्सरच्या नळीतील भाग) असलेल्या गाडीत मात्र हा आकडा कन्व्हर्टरच्या पलीकडचा असल्याने त्यावरून मिश्रण ठरवता येत नाही.

आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मिळते आणि ८०० त्यासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यातही साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे. म्हणजे पूर्वी पंधरा देणाऱ्या गाडीचे चौदा झाले तर ती आजारी नाही. जुन्या रबरी पेट्रोल नळ्या मात्र इथेनॉलने मऊ पडतात किंवा तडकतात, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारच्या घेऊन बदलाव्यात आणि पेट्रोल फिल्टरही नवा घालावा. हा खर्च ॲव्हरेजसाठी कमी आणि आग टाळण्यासाठी जास्त आहे. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

बदल कोणते करावेत

इथवरची कामे झाल्यावर पुन्हा तीन टाक्या मोजाव्यात. अनेकांना येथेच थांबता येईल.

बदलांपैकी माझी पहिली शिफारस व्हॅक्यूम गेजची आहे. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीला) टी लावून डॅशबोर्डवर बसवलेले हे साधे घड्याळ स्वतः काहीच वाचवत नाही, पण पाय किती जड आहे ते क्षणोक्षणी दाखवते आणि इंजिनाची तब्येतही सांगते. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा आयडलवर १७ ते २१ इंचांच्या (पाऱ्याच्या) दरम्यान स्थिर राहतो. उंचीनुसार तो दर हजार फुटांना सुमारे एक इंच उतरतो, त्यामुळे पुण्यात दोन इंच आणि महाबळेश्वरला चार-साडेचार इंच कमी दिसला तर घाबरू नये. काटा एका लयीत खाली झटके घेत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

१४५/८० आर १२ टायर महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी करतात, कारण चार गिअरची ८०० ताशी ८० किलोमीटरवर बरीच ओरडते. शहरात मात्र तेच टायर उठाव कमी करतात. मुख्यतः लांब पल्ल्यावर गाडी नेणाऱ्यानेच हा बदल करावा, चाक पूर्ण वळवून आणि मागे माणसे बसवून ते कोठे घासत नाही हे पाहावे आणि मीटरमधील फरक ध्यानात ठेवावा. पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवण्याचा मार्गही काही हौशी लोक घेतात. भंगारातून मिळालेल्या गिअरबॉक्सची खात्री नसल्याने नवख्याला तो मी सुचवणार नाही. छतावरील कॅरिअर काढून ठेवणे हा बदल फुकट आहे आणि साठच्या पुढे त्याचा फायदा लगेच जाणवतो.

सीएनजी किट हा खऱ्या अर्थाने खर्च कमी करणारा बदल आहे, परंतु त्याने ॲव्हरेज सुधारत नाही, इंधन बदलते. आपल्या मॉडेलसाठी मान्यता असलेले किट अधिकृत केंद्रातच बसवावे, आरसीवर नोंद करावी, विमा कंपनीला कळवावे आणि टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी. डिकी जाते, मागे साठ-सत्तर किलो वाढतात आणि चढावर आधीच अशक्त असलेले इंजिन आणखी मंदावते. रोज लांब अंतर जाणाऱ्याला हे परवडते. रविवारची गाडी असेल तर किटचे पैसे वसूल होण्यापूर्वी गाडी संपते.

पेट्रोलच्या नळीवर बांधायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून हायड्रोजन करणारी बाटली, आवाज करणारा सायलेन्सर आणि उघडा शंकूसारखा फिल्टर यांवर एक रुपयाही घालवू नये. कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्लाही ऐकू नये. ते बेकायदा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे.

चालवताना

शहरात गिअर लवकर बदलावा, परंतु इंजिन थरथरेल इतका लवकर नव्हे. मोकळ्या रस्त्यावर ६० ते ७० च्या दरम्यान ८०० सर्वांत काटकसरीने धावते. नव्वदीला हवेचा रोध इतका वाढतो की आतापर्यंतची मेहनत तासाभरात उडून जाते. एसीचा भार चाळिशीच्या आतबाहेर अश्वशक्ती असलेल्या इंजिनाला नव्या मोठ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जाणवतो, म्हणून संथ शहरी वाहतुकीत काचा उघड्या आणि महामार्गावर गरज असेल तेव्हा एसी, हा नियम बरा. घाटात उतरताना न्यूट्रल करू नये. खंबाटकी असो वा आंबेनळी, उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ठेवावी: एमपीएफआय इंजिन गिअरमध्ये उतरताना इंजेक्टर बंद ठेवते, म्हणजे पेट्रोल न्यूट्रलपेक्षाही कमी लागते, आणि नुकतेच दुरुस्त केलेले ब्रेक तापून निकामी होत नाहीत.